तोंड धुवायचा प्रश्न

तासाची घंटा होते, शिक्षक वर्गात शिरतो, पोरं उभी राहतात, बसतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, झाला तास सुरू. कुठला सुरू? आधीच्या तासाच्या नद्या अजून डोक्यात वाहत असतात, कुणाचा डबा मधल्या सुट्टीआधीच संपलेला असतो, मागच्या बाकावर एक भांडण अर्ध्यावर येऊन थांबलेलं असतं. अशा वेळी "चला, पान बेचाळीस काढा" म्हणणं म्हणजे झोपेतून उठवलेल्या माणसापुढं जेवणाचं ताट ठेवणं. आधी तोंड तरी धुऊ द्या त्याला.

म्हणून मी वर्गात गेल्या गेल्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहायची. पोरांनी विज्ञानाच्या वहीच्या मागच्या बाजूला तारीख घालायची, प्रश्न उतरवायचा आणि खाली दोन ओळींत उत्तर लिहायचं. पाच मिनिटं. मार्क नाहीत, लाल पेन नाही. माझ्याच एका जुन्या वर्गानं याचं नाव 'तोंड धुवायचा प्रश्न' ठेवलं आणि पुढं ते शाळाभर झालं. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना कुणी ना कुणी विचारायचंच, "काय बाई, आज कुणाची तोंडं धुतली?"

मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. सुरुवातीची दोन-तीन सोडली तर प्रत्येक तासाला हा प्रश्न घातला. या अंकासाठी लिहा असा फोन आला तेव्हा संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या एखाद्या गाजलेल्या विद्यार्थ्यावर लिहा." आता माझा एकही विद्यार्थी गाजलेला नाही, त्याला मी काय करू? सगळे आपापल्या कामाला लागलेत, आणि रस्त्यात भेटले की गाडी थांबवून बोलतात. मला सांगायचंय ते या पाच मिनिटांबद्दल, आणि त्यांत मी केलेल्या एका चुकीबद्दल.

प्रश्न काढणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. उत्तर पुस्तकात सापडता कामा नये आणि घरात सापडायला हवं, असा माझा हिशेब. चटणी कुटली की ठसका शेजारणीला आधी का लागतो? म्हैस पाण्यात बसते, मग गाय का नाही बसत? तालमीच्या मातीत ताक आणि तेल का घालतात? नवी चप्पल करकर का वाजते? मंडईत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठंही असले तरी माझं अर्धं लक्ष प्रश्नाकडं असायचं. लोक समजायचे बाईंना गर्व आहे, बोलत नाहीत.

उत्तरं वाचणं ही माझी खरी कमाई. चपलेच्या प्रश्नाला एकीनं लिहिलं होतं, "नवी घेतलीया हे लोकांस्नी कळावं म्हणून." म्हशीच्या प्रश्नाला एकानं लिहिलं, "म्हैस काळी हाय, तिला ऊन जास्त लागतंय. गाय गोरी हाय." पोरगं हसण्यासारखं बोलतंय असं वाटतं, पण नीट बघितलं तर बरंचसं बरोबर बोलतंय.

एकदा ध्वनीचा धडा सुरू करायचा होता म्हणून मी विचारलं, सकाळी तुमच्या घरात पहिला आवाज कशाचा होतो? एकानं लिहिलं, "भांड्यांचा. मग आप्पांच्या वरडण्याचा." दुसऱ्या दिवशी ते आप्पा शाळेत हजर. बाह्या वर सारलेल्या.

"बाई, तुमी इज्ञान शिकवताय का आमच्या घरात डोकावताय?"

"दोन्ही," मी म्हटलं. "पोरानं खोटं लिहिलंय का?"

गृहस्थ कान खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "खोटं न्हाय, पण लिवायचं कशाला." जाताना चहा पिऊन गेला.

या पाच मिनिटांचे नियम दोन. पहिला पोरांना: 'माहीत नाही' लिहायचं नाही, काय वाटतं ते लिहायचं. दुसरा मला: पाच मिनिटांत कुणालाही बरोबर किंवा चूक म्हणायचं नाही. हात मागं बांधून बाकांमधून फिरायचं, वाचायचं आणि गप्प बसायचं. खरं उत्तर तासाच्या शेवटी, तेही त्यांच्याच तोंडून काढायचं. पहिला नियम पोरं महिन्याभरात शिकतात. दुसरा शिकायला मला काही वर्षं लागली, कारण माझी जीभ मुळात उचलून टाळ्याला लागायला तयारच असते. एकदा शिकल्यावर मात्र तो मी पाळला. एक दिवस सोडून.

मी राहायला शाहूपुरीत, शाळा पंचगंगेपलीकडच्या गावात. गाव उसाचं. निम्मा ऊस कारखान्याला जायचा आणि निम्मा गावातल्याच गुऱ्हाळांना. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की शाळेच्या खिडक्यांतून गोड वास यायचा आणि चौथ्या तासाला पोरांचं लक्ष उडायचं.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात अश्विनी नावाची मुलगी होती, खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसायची. तिचा बाप मारुती हा गावातला नावाजलेला गुळव्या. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: उसाचा रस मोठ्या लोखंडी कढईत, म्हणजे काहिलीत, दोन-तीन तास उकळतात. त्यातला रस कुठल्या क्षणी गूळ झाला हे ज्याला कळतं तो गुळव्या. काहील जरा आधी उतरवली तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला तर गूळ करपतो. ऊस मालकाचा असतो, पण गूळ गुळव्याच्या नजरेचा.

अश्विनी दोन ओळींत मावायची नाही. दोनाच्या आठ ओळी करायची. इतर पोरांच्या वहीत मागची चार पानं भरायची तोवर हिची मागची बाजू निम्म्या वहीपर्यंत पुढं आलेली असायची. आणि बोलायला धीट. आमच्याकडच्या मुली 'मी गेलतो, मी आलतो' असंच बोलतात, तशी ही उभी राहायची आणि "मी काय म्हणतो बाई," अशी सुरुवात करायची. खरं सांगते, त्या वर्गात शिरताना मी आधी तिच्याच वहीकडं बघायची.

त्या वर्षी तपासणी लागली. शिक्षण खात्याचे साहेब आले आणि नेमके माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले. माणूस भला होता, उगीच कशाला बोल लावू. पण तपासणी म्हटली की भलेभले घाबरतात, आणि मी काही त्यांतली वेगळी नाही. फळ्यावर प्रश्न लिहिला: पाणी उकळतंय, तसंच आणखी दहा मिनिटं उकळत ठेवलं तर ते जास्त गरम होईल का?

प्रश्न माझा आवडता होता. बहुतेक पोरं 'हो' लिहितात. मग तासात आपण उकळतं पाणी आणि थर्मामीटर ठेवतो, पारा शंभरापाशी जाऊन बसतो आणि हलत नाही, आणि पोरांचे डोळे मोठे होतात. साहेबांना दाखवायला यापेक्षा चांगलं काय होतं?

पाच मिनिटं चालू असतानाच साहेब उठले आणि बाकांमधून फिरायला लागले. अश्विनीपाशी थांबले. वही उचलली आणि मोठ्यानं वाचली: "पाणी जास्त गरम होणार नाही. पण रस होतो. उकळी आल्यावर पण रस गरम होतच राहतो, गूळ होईपर्यंत." मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "बाई, हे बरोबर आहे का?"

मला म्हणता आलं असतं, साहेब, अजून पाच मिनिटं संपायचीत. म्हणता आलं असतं, तासाच्या शेवटी बघू. त्याऐवजी मी म्हणाले, "नाही साहेब, चूक आहे. उकळत असताना तापमान वाढत नाही."

अश्विनी उठून उभी राहिली. "वाढतंय बाई. पाण्याचं न्हाय वाढत. रसाचं वाढतंय. आमचा बा म्हणतो..."

"इथं गुऱ्हाळ चाललंय का विज्ञानाचा तास? बस खाली."

वर्ग हसला. साहेबही हसले. ती बसली. प्रयोग झाला, पारा शंभरापाशी शहाण्यासारखा बसून राहिला, आणि साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की संकल्पना स्पष्ट आहेत.

दुसऱ्या दिवशी मी फिरत असताना अश्विनीच्या वहीत तारीख होती, प्रश्न होता आणि खाली दोन ओळी कोऱ्या होत्या. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी विचारलं, "का गं? काही लिहिलं नाहीस?"

"सुचलं न्हाय बाई."

आता हिला सुचत नाही म्हणजे पंचगंगेला पाणी नाही म्हटल्यासारखं झालं. पण मी पुढं गेले. माझं काही चुकलंय असं मला वाटतच नव्हतं. जरा कडक बोलले, होतं असं साहेबांपुढं, पोरगी दोन दिवसांनी विसरेल, एवढंच मनात होतं. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. रोज तारीख, रोज प्रश्न, सुंदर अक्षरात, आणि खाली मोजून दोन ओळी मोकळ्या.

मग बाकीच्यांतही फरक दिसायला लागला. पोरं लिहिण्याआधी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. उत्तरं नीटनेटकी झाली, पुस्तकातल्यासारखी. 'म्हैस काळी हाय' असलं काही येईना. 'उष्णतेच्या वहनामुळे' असलं येऊ लागलं. एकानं तर सरळ विचारलं, "बाई, तुमाला कंचं उत्तर पायजे?" तेव्हा मात्र माझ्या ध्यानात आलं. एक पोरगी गप्प झाली होती आणि तिच्या मागून अख्खा वर्ग गप्प व्हायला लागला होता. वाईट म्हणजे वरवर बघणाऱ्याला वर्ग सुधारल्यासारखा दिसत होता. मला भीती वाटली की हिचं लिहिणं मी कायमचं बंद केलं. पण करावं काय ते कळेना, कारण विज्ञान माझ्या बाजूनं आहे याची मला खात्री होती.

ती खात्री संक्रांतीला गेली. तिळाच्या वड्यांसाठी गुळाचा पाक करत होते. वर्षानुवर्षं करते. पाकाला बुडबुडे आले, तार बघायला उलथनं उचललं आणि एक थेंब मनगटावर पडला. चहाचं आधण अंगावर सांडणं मला नवीन नाही. स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेल्या बाईचे हात उकळत्या पाण्याला ओळखतात. हा चटका त्यातला नव्हता. नळाखाली हात धरून उभी राहिले तरी आत जळतच होतं, आणि तिथंच उभ्या उभ्या डोक्यात लख्ख झालं. हे पाण्यापेक्षा गरम आहे. उकळतंय, आणि तरी शंभरापेक्षा गरम आहे.

काखेत कळसा म्हणतात तो हाच. पाक पाण्यापेक्षा जास्त भाजतो हे माझ्या आईला माहीत होतं, मला माहीत होतं, लग्नाच्या वयाच्या कुठल्याही मुलीला माहीत असतं. फक्त मी ते स्वयंपाकघरात ठेवून शाळेत जात होते. संध्याकाळी पुस्तक काढून बघितलं. तिथं लिहिलं होतं की शुद्ध द्रव ठरावीक तापमानाला उकळतो. 'शुद्ध' असं स्वच्छ छापलेलं होतं. ते वाक्य मी इतकी वर्षं वर्गात वाचून दाखवत होते, आणि त्या एका शब्दावर कधी थांबले नव्हते.

रविवारी सकाळी शाळेतला थर्मामीटर पिशवीत घातला आणि स्कूटर काढून गुऱ्हाळावर गेले. मारुती काहिलीच्या काठावर उभा होता. गडी माणसं खाली चुलाणात, म्हणजे भट्टीत, पिळलेल्या उसाची चिपाडं सारत होती, वाफेत माणसाचं तोंड धड दिसत नव्हतं. मला बघून तो म्हणाला, "या बाई. रस देऊ का काकवी?"

"काही नको. तुमच्या काहिलीत किती गरम होतं ते मोजायला आलेय."

तो हसला नाही. "पोरगीनं सांगितलंतं मला. बाईंनी बसवलं म्हणून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, बाई म्हणतील तसं लिव. मार्क त्याच देणार हायत. तर म्हणाली, खोटं लिवणार न्हाय. मग म्हटलं, लिवूच नगंस. भांडान नगं."

त्या कोऱ्या ओळींना मी रुसवा समजत होते. पोरीनं माझ्याशी भांडायचं टाळलं होतं आणि खोटं लिहायचंही टाळलं होतं. दोन्ही जमेल अशी तेवढीच एक जागा तिला सापडली होती. सातवीतल्या पोरीला. मला माझीच लाज वाटली.

थर्मामीटर थेट काहिलीत बुडवायचा नाही, एवढी अक्कल मला होती. काच फुटून पारा सांडला असता तर सगळा गूळ फेकावा लागला असता. मारुतीनं बांबूला एक डबा बांधून दिला. डब्यात रस भरला, डबा काहिलीतच धरून ठेवला आणि थर्मामीटर डब्यात. उकळी नुकतीच चढत होती. शंभर. जरा वेळानं एकशे दोन. रस दाट होत गेला तसा पारा चढत गेला. एकशे पाच. एकशे आठ. एकशे दहाला थर्मामीटरवरचे आकडेच संपले आणि मी तो घाईघाईनं वर काढला.

"संपली व्हय काडी?" मारुतीनं विचारलं.

"संपली."

"गूळ व्हायचाय आजून, बाई."

पुढचं त्यानं त्याच्या पद्धतीनं दाखवलं. गार पाण्यात हात बुडवला, उकळत्या रसातला एक ठिपका उचलला, परत पाण्यात धरून बोटांनी त्याची गोळी वळली आणि पत्र्यावर टाकली. आवाज बोदा आला. "न्हाय झाला." थोड्या वेळानं परत टाकली. टण्ण वाजली. "उतरवा रं!" म्हणून तो ओरडला आणि सगळे धावले. गणित सोपं आहे: वाफ होऊन पाणी जातं, साखर मागं राहते, आणि रस जितका दाट तितका तो जास्त तापमानाला उकळतो. मारुतीला यातला एकही शब्द माहीत नव्हता आणि त्याचा गूळ कधी चुकत नव्हता. मला सगळे शब्द माहीत होते.

तिथून थेट शाहूपुरीत गेले. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. जास्त अंशांचा थर्मामीटर मागितला. दुकानदार म्हणाला, "एवढा मोठा? कुणाला ताप आलाय एवढा?"

"मला," म्हटलं, आणि घेऊन घरी आले.

लगेच जाऊन माफी मागावी एवढी मी मोठ्या मनाची नव्हते. पाच-सहा दिवस थर्मामीटर पिशवीतच राहिला. रोज ठरवायची, रोज काहीतरी निमित्त निघायचं. हात मागं बांधून तिच्या बाकापाशी जायची, त्या दोन कोऱ्या ओळी बघायची आणि पुढं सरकायची. शेवटी शनिवारी, सकाळच्या शाळेत, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलं: बाईंनी या वर्षी या वर्गाला एक गोष्ट चुकीची सांगितली. कोणती?

पोरांनी एकदा फळ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग पोरं लिहायला लागली आणि थांबेनात. पाच मिनिटांची दहा झाली. मला वाटलं होतं, कुणाला काही सुचणार नाही. फिरून वाचायला लागले तर चुकांचा बाजार भरलेला. 'बाईंनी मला उगीच बाहेर उभं केलं, शिट्टी सोम्यानं मारलती.' 'बाई म्हणाल्या सहल नेणार, नेली न्हाय.' 'बाईंनी बेडकाचं चित्र काढलं ते बेडकासारखं न्हवतं.' वहीमागून वही वाचत गेले. उकळण्याबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं. अश्विनीच्या वहीत तारीख, प्रश्न आणि दोन कोऱ्या ओळी.

मग टेबलावर शेगडी ठेवली, भांड्यात गुळाचं पाणी ठेवलं आणि नवा थर्मामीटर लावला. आकडे वाचायला एकेकाला बोलावलं. शंभर झाले तेव्हा पहिली रांग म्हणाली, "आता थांबणार." थांबलं नाही. एकशे तीन. एकशे सात. वर्ग बाकांवर उभा राहिला आणि मी बसा म्हटलं नाही. एकशे सोळाला मी शेगडी बंद केली.

"साहेब आले होते त्या दिवशी अश्विनीनं हेच लिहिलं होतं," मी म्हणाले. "ते बरोबर होतं. मी साहेबांना घाबरले आणि तिला चूक म्हटलं. वर तिच्या बापाच्या कामाला हसले. माझं चुकलं, अश्विनी."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. ती उभी राहिली. "व्हय," एवढंच म्हणाली आणि बसली.

मागून एकानं विचारलं, "बाई, मग आता साहेबांस्नी कोण सांगणार?"

"मी पत्र लिहिते," मी म्हटलं. लिहिलंही. उत्तर आलं नाही.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं पोरगी हसेल, नाहीतर रडेल. पुस्तकातल्या पोरी तसंच करतात. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. म्हटलं, "अजून राग आहे का?"

"न्हाय बाई."

"मग सोमवारपासून लिहिशील?"

"लिवतो की."

"एवढे दिवस काहीच लिहिलं नाहीस. चांगले प्रश्न होते गं. वाया गेले तुझे."

तिनं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. "वाया कुठं गेलं? सगळी उत्तरं लिवल्यात मी. घरात दुसरी वही केलीया."

दीड महिना ती रोज माझा प्रश्न उतरवून घरी नेत होती आणि घरी जाऊन उत्तर लिहीत होती. मी म्हटलं, "मग सोमवारी आण की ती वही. वाचते मी."

"न्हाय बाई. सोमवारपास्नंचं दाखवतो. ती न्हाय दाखवणार."

"का?"

"ती तुमच्यासाठी न्हाय लिवली."

दप्तर पाठीला लावून ती गेली. सोमवारी तिनं आठ ओळी लिहिल्या, मंगळवारी दहा, आणि हळूहळू बाकीची पोरंही माझ्या तोंडाकडं बघायची थांबली. वर्ग पूर्ववत झाला म्हणायला हरकत नाही. माझं पूर्ववत झालं नाही. उरलेल्या वर्षांत इतक्या वह्या वाचल्या, पण डोक्यात ती न वाचलेलीच राहिली. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. बाईशिवाय, मार्कांशिवाय, कुणी वाचणार नाही हे माहीत असताना पोरगी रोज बसून विचार करत होती. शिक्षकाला याहून जास्त काय पाहिजे असतं? तरी पाहिजे असतंच. ती वही मला पाहिजे होती.

अश्विनी आता मलकापूरला असते. नवऱ्याबरोबर तिचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळायचं काम ती स्वतः करते, नवरा गिऱ्हाईक बघतो. परवा रत्नागिरीच्या वाटेवर होते, म्हणून मुद्दाम उतरले. मला बघून तिनं हातातली तार बाजूला ठेवली, हात पुसले आणि नवऱ्याला ओळख करून दिली, "ह्या आमच्या बाई. ह्यास्नी मी एकदा चूक दावलीया." नवरा बिचारा संकोचला.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मारुती थकलाय, काहिलीवर उभा राहत नाही, पण गुऱ्हाळावर जाऊन बसतो आणि लांबूनच 'उतरवा' म्हणून ओरडतो. मी म्हटलं, "अश्विनी, ती वही आहे का गं अजून?"

"हाय की," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.